मावशींना माझी पाठ दिसते

आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं लिहवणार नाही. मी आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कमलमावशींवर दोन महिने जळत होतो. साधं नाही, पोटातून जळत होतो. त्यांच्या हातची खिचडी खायचो आणि खाताखाताच जळायचो.

दिवाळी अंकवाल्या काकांचा फोन आला होता, "तुम्ही आजकालचे मास्तर पोरांना न मारता कसं सांभाळता, ते लिही." मी एकदम खूश! बसलो आणि मोबाईलवर धडाधड तीन पानं टाइप केली. सगळी माझीच तारीफ. मी कसा समजून घेतो, मी कसा छडीला हात लावत नाही. सकाळी वाचली आणि मलाच लाज वाटली, कारण त्यात मावशी कुठंच नव्हत्या. पुसली. आता परत लिहितोय.

मी मूळचा भोरचा. वडील कचेरीत, आई शिक्षिका. चार वर्षांपूर्वी नोकरी लागली ती वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या अंगाला असलेल्या एका वाडीतल्या शाळेत. चार इयत्ता, दोन खोल्या, दोन मास्तर. एक मोठे गुरुजी, ते अर्धा वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात. दुसरा मी. म्हणजे एका वेळी दोन इयत्ता एका खोलीत. तिसरीला गणित घालायचं, ती सोडवेपर्यंत चौथीला फळ्यावर लिहून द्यायचं. ज्यांनी कधी शिकवलं नाही त्यांना सांगतो, आमच्या धंद्यात सगळ्यात धोक्याची वेळ कुठली? फळ्याकडं तोंड केल्यावरची. हे वाक्य मी आज हुशारीनं लिहितोय. तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

पोरांना मारायचं नाही, हा कायदा आहे. पण वाडीत कायदा सांगून काय होतंय? पहिल्याच महिन्यात तीन पालक मला निरगुडीच्या फोका आणून देऊन गेले. भेट म्हणून! एका आजोबांनी तर साल काढून, तेल लावून, धरायला सुतळी गुंडाळून आणली होती. "गुरुजी, ह्याचा वळ उठतो, हाड मोडत न्हाई." मी म्हणालो, "आजोबा, मी मारत नाही." ते माझ्याकडं असं बघायला लागले की जसं काही डॉक्टर म्हणतोय मी औषध देत नाही.

मग मारायचं नाही तर करायचं काय? प्रशिक्षणात शिकवतात: चुकीचं थांबवायचं असेल तर त्या जागी दुसरं काहीतरी द्या. मला हे इतकं आवडलं! चौथीतला एक जण फार शिव्या द्यायचा. मी त्याला म्हणालो, "राग आला की शिवीच्या जागी भाजीचं नाव घे." दोन दिवसांत शिव्या बंद! मी लगेच आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं. तिसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेच्या पायरीवर.

"गुरुजी, ह्यो मला पडवळ म्हनला! चार बायांसमूर! आन वर म्हनतो, गुरुजींनी शिकिवलंय!"

आजी बारीक आणि उंच होत्या, हे इथं सांगायला हवं. मी माफी मागितली. ते मात्र ग्रुपवर टाकलं नाही.

ग्रुपचंही सांगतोच, जळण्याचंच लिहितोय तर. माझ्याबरोबरचा एक मित्र किकवीच्या बाजूला, हायवेलगतच्या शाळेत लागला. भिंतीएवढा टीव्ही, रंगवलेला व्हरांडा, आणि त्याचा तो 'ताऱ्यांचा तक्ता'. शहाण्यासारखं वागलं की नावापुढं चांदणी. पाच चांदण्या झाल्या की शर्टाला बिल्ला. त्याच्या फोटोला खाली अंगठेच अंगठे. मला रात्री, संध्याकाळी, भाकरी खाताना तोच फोटो दिसायचा. मी भोरच्या बाजारातून चमकीचे कागद आणले आणि त्याच्या तक्त्यापेक्षा हातभर मोठा तक्ता केला. शिवाय कोपऱ्यात एक गादी, दोन उशा, भिंतीवर ढगांचं चित्र. नाव दिलं 'शांत कोपरा'. राग आला की पोरानं आपणहून तिथं जाऊन बसायचं.

आणि जूनमध्ये जनी आली.

जनाई. वरच्या वस्तीवरची, तिसरीत. त्यांची शेरडं आणि चार गाया. वस्तीवरून शाळेला यायला तासभर उतरायचं. आई नाही. वडील, ज्यांना सगळी वाडी बिरूमामा म्हणते, आणि ती. अंगावर दादाचा असावा तसा मोठा शर्ट, पण दादा नव्हताच, तो बिरूमामांचाच होता. बोलायची नाही. चावायची. खरंच चावायची! पहिल्या आठवड्यात एकीच्या खांद्याला, दुसऱ्या आठवड्यात एकाच्या कानाला. चपला ओढ्यात फेकायची. एकदा माझं डस्टर कौलावर.

मी मारलं नाही. ओरडलोसुद्धा नाही. तिच्यासमोर गुडघ्यावर बसून, प्रशिक्षणात सांगितलं तसं, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन म्हणालो, "जनाई, तुला राग आलाय का?" ती थुंकली. चष्म्यावर.

पण मी हरणारा नव्हतो. वही केली. तीन रकाने: आधी काय झालं, तिनं काय केलं, नंतर काय झालं. ही आमच्या कामातली फार चांगली रीत आहे बरं का. पोर उगाच काही करत नाही, आधी काहीतरी घडलेलं असतं, ते सापडलं की अर्धं काम झालं. मी रोज नेमानं भरायचो. पहिल्या रकान्यात दर वेळी एकच: 'काही नाही.' 'काही नाही.' 'काही नाही.' मी फळ्यावर लिहीत असायचो, मागं किंकाळी, वळून बघतो तर चावून झालेलं.

आणि नंतर काय व्हायचं? जनी पळायची. शांत कोपऱ्यात? नाव नको. तिथं मांजर व्यालं होतं. जनी पळायची ती मागच्या शेडात, कमलमावशींकडं.

मावशी वाडीतल्याच. पन्नाशीच्या, ठेंगण्या, शिक्षण दुसरी. दहाला येतात, तांदूळ निवडतात, चूल पेटवतात, दीडला वाढतात. गॅस आहे, पण सिलेंडर वर यायला गाडी मिळेल तेव्हा. जनी जाऊन त्यांच्याशेजारी बसायची. मावशी तांदळाचं ताट तिच्यासमोर सरकवायच्या. दोघी खडे काढायच्या. पाच मिनिटांत जनी अशी शांत, की मला शंका यायची हीच चावली होती का.

मी एकदा विचारलं, "मावशी, तुम्ही तिला काय सांगता?"

"काय न्हाई ओ. मुकं बसतो."

"काहीतरी बोलत असाल ना?"

"ती 'आत्ती' म्हनती. म्या 'व्हय' म्हनते."

आत्ती, म्हणजे आत्या! मला ती गुरुजीसुद्धा म्हणत नव्हती. मी गादी आणली, उशा आणल्या, ढग काढले स्वतःच्या हातानं, आणि ह्या बाई मुकं बसतात! आमच्याकडं चव नोंदवही असते, मुलांना वाढायच्या आधी मास्तरानं खाऊन बघायचं आणि लिहायचं. रोज 'चव चांगली' लिहितो. त्या दिवशी 'मीठ जास्त' लिहिलं. मीठ बरोबर होतं. हे मी पहिल्यांदाच कबूल करतोय.

आणखी एक. जिला चावली असेल तिला मावशी शेडाच्या दारात बोलवायच्या आणि जनीला म्हणायच्या, "लाव हळद तिला." जनी लावायची! फुंकर मारून! मी 'सॉरी म्हण' म्हणून अर्धा अर्धा तास उभा राहायचो, आणि हिथं फुंकर! मी खिडकीतून बघायचो आणि तळहाताला नखं रुतवायचो.

मधे दोनदा मावशी बोलायला आल्या होत्या. पदराला हात पुसत दारात.

"गुरुजी, येक सांगू का? जनीचं—"

"मावशी, वर्गातलं मी बघतो ना."

दुसऱ्यांदा, "तुमी फळ्याकडं असता तवा—"

"मावशी, खिचडी लागेल बघा खाली."

खिचडी लागली नव्हती. जळत होतो तो मीच.

आणि मग मी तो शहाणपणा केला. सप्टेंबरच्या सुरुवातीला मोठ्या गुरुजींना म्हणालो, स्वयंपाकाच्या शेडात मुलांना सोडायचं नाही असा नियम आहे, भाजलं-बिजलं तर कोण जबाबदार? नियम खराच आहे. म्हणून तर सोपं गेलं. मावशींना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. तुमचा नियम." शेडाच्या दाराला आडवी फळी लावली. शिक्षा न करणाऱ्या मास्तरानं चार वर्षांत दिलेली पहिली शिक्षा ती, आणि ती मी पोरीला दिली की मावशींना, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

दोन दिवस जनी फळीपाशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी स्वराच्या दंडाला चावली. रक्त आलं.

स्वरा म्हणजे आमच्या तक्त्यावरची पहिली. सगळ्यात जास्त चांदण्या, दोन बिल्ले. मी फळ्याकडून वळलो की हाताची घडी, तोंडावर बोट. तिचे वडील प्रकाशदादा टेम्पो चालवतात आणि शाळेच्या समितीवर आहेत. संध्याकाळीच आले. "गुरुजी, ही पोरगी एकतर शाळंत ऱ्हाईल, न्हाईतर आमची. शनवारी मीटिंग लावा." आणि बिरूमामांनी वस्तीवरून निरोप धाडला, मीटिंग-बिटिंग कशाला, मी तिला शेरडांमागं घालतो, माणूस लागतंच.

म्हणजे शाळा संपली तिची. तिसरीत. वरच्या वस्तीवरून एकदा उतरायचं बंद झालं की परत कोणी उतरत नाही, हे मी चार वर्षांत पाहिलंय.

शुक्रवारी मी वही उघडून बसलो. मीटिंगला काय सांगायचं? 'काही नाही' सांगायचं? पानंच्या पानं 'काही नाही'. तेवढ्यात मावशी चवीची वाटी घेऊन आल्या. टेबलावर ठेवली आणि वळल्या. काहीच बोलल्या नाहीत. दोनदा गप्प केलेलं माणूस तिसऱ्यांदा कशाला बोलेल? मी म्हणालो, "मावशी, तुम्ही काय सांगणार होता?"

थांबल्या. "आता इचारताय व्हय?"

"हो. चुकलंच माझं."

"सांगून कळायचं न्हाई. या. मोठ्या गुरुजींना फळ्यावर लिवाय सांगा आन माझ्या पाटावर येऊन बसा."

मी फळी ओलांडून शेडात गेलो. चुलीपाशी त्यांचा पाट. तिथं बसलं की समोर शेडाची झरोका-खिडकी, आणि त्यातून चार हातांवर वर्गाची मागची खिडकी, जरा तिरकी, पोरांची तोंडं बाजूनं दिसतील अशी. मावशी म्हणाल्या, "हितनं रोज मला तुमची पाठ दिसती. आन पाठीमागचं बी."

धुरानं डोळे चुरचुरत होते. मोठे गुरुजी फळ्याकडं वळले. आणि स्वरा, दंडाला पट्टी बांधलेली स्वरा, तोंड न हलवता, अगदी बारीक: "बॅऽऽ." शेजारची: "बॅऽऽ." मग पुढचा. पाच जण. सगळे फळ्याकडं बघतायत, वह्या उघड्या, आणि खोलीतून तो आवाज फिरतोय. एकीनं नाक धरलं. मोठे गुरुजी वळले. पाच हाताच्या घड्या, पाच तोंडावर बोटं. मी दिलेले बिल्ले चमकतायत.

गुरुजी परत फळ्याकडं. परत तेच.

पण मी बघत होतो जनीला. एकटी, मागं. दोन्ही हातांनी बाकाची कड धरलेली, बोटं पांढरी पडेस्तोवर. एकदा झालं, दोनदा झालं, चार वेळा झालं. ती हलली नाही. खिडकीकडं बघायची, म्हणजे आमच्याकडं, आणि परत बाकाकडं.

"दिसातनं धा वेळा धरून ऱ्हाती," मावशी म्हणाल्या. "येकदा सुटती. ते तुमी वहीत लिवता."

मी चष्मा काढून पुसला. धूर होता म्हणून बरं झालं.

शनिवारची मीटिंग. व्हरांड्यात सतरंजी. प्रकाशदादा, समितीच्या दोन बाया, मोठे गुरुजी, आणि खांबाला टेकून बिरूमामा, खांद्यावर घोंगडी, चप्पल खाली काढून ठेवलेली. मी उभा राहिलो आणि पाहिलेलं सगळं सांगितलं.

प्रकाशदादा तापले. "म्हंजी चावली ती, आन चूक आमच्या पोरीची? वा गुरुजी!"

"चूक माझी आहे दादा. ती बॅ करत होती आणि मी तिला चांदणी देत होतो. माझी पाठ वळली की करायचं, मी वळलो की गप्प बसायचं, हे मीच शिकवलं त्यांना. बक्षीस देऊन शिकवलं."

"मग आता काय, स्वरीला शिक्षा?"

"नाही. कुणालाच नाही. तक्ता मी सकाळीच काढलाय."

"मग काय करनार? भाजीची नावं घ्यायची?" एक बाई म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

म्हणालो, मी फळ्याकडं पूर्ण पाठ करणार नाही. जनीची जागा बदलतो, पुढं, माझ्या हाताशी. तिला सुटायच्या आधी उठून जायची मोकळीक, शेडाच्या दारापर्यंत. आणि ज्यांनी बॅ केलं ते पाचही जण तिच्याबरोबर तांदूळ निवडायला बसतील, दोघं दोघं, मावशींच्या नजरेखाली. "हे मावशींनी मला दाखवलं. विचारा त्यांना."

सगळ्यांनी शेडाकडं बघितलं. मावशी दारात, हात ओले. मला वाटलं आता सांगतील, ह्या मास्तराला दोनदा सांगाय गेले, दोनदा हाकललं. सांगायलाच हवं होतं. त्या म्हणाल्या, "म्या काय बोलू? गुरुजींनी बघितलंय. त्यांस्नी कळलंय."

आणि आत गेल्या. घ्या! तिथंही त्याच मोठ्या ठरल्या. मी परत जळलो, भर मीटिंगमध्ये.

प्रकाशदादांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "परत रगत आलं तर मी ऐकायचो न्हाई." म्हणजे हो. पण बिरूमामा खांबापासून हलले नव्हते. त्यांनी चप्पल पायात घातली. "बघतो," म्हणाले, आणि निघाले.

'बघतो' म्हणजे काय? मला रविवारी चैन पडेना. गाडी जिथवर जाते तिथवर नेली, पुढं चढत गेलो. वस्तीवर बिरूमामा गोठ्याचं कूड बांधत होते. मला बघून हात पुढं केला. मला वाटलं नमस्काराला. मनगटावर दातांचे वण.

"त्या दिशी म्या बदाडली तिला. चावलीस कशापाई म्हनून. मला बी चावली." मग कुडाकडं बघत म्हणाले, "शेरडांचा आवाज काढत्यात, हे मला का न्हाई सांगितलं तिनं?"

"मलाही नाही सांगितलं मामा."

"मारनाऱ्याला कोन सांगतंय," ते म्हणाले. मी तर मारत नव्हतो. मग मला का नाही सांगितलं? हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही.

जनी मागं दगडावर बसली होती, मांडीवर करडू. मी जरा लांबच बसलो. ह्या वेळी डोळ्यांच्या उंचीवर वगैरे काही केलं नाही. म्हणालो, "शेडाला फळी मी लावली. चुकलं माझं. काढली आता." आणि गप्प बसलो. मला गप्प बसता येत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. जीव जात होता. करडू उतरलं, माझ्या बुटाची नाडी चघळायला लागलं. तरी बोललो नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आत्ती हाय उंद्या?"

"आहे."

"निवडाय बसू देनार?"

"हो. दारात."

तीन महिन्यांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, आणि तेही मावशींबद्दल! उतरताना मी वाटेतल्या दगडांना लाथा मारत आलो. पण उड्याही मारत आलो.

सोमवारी परिपाठ झाला. जनी नाही. पोरं आत बसली. मी पुढचं बाक तिच्यासाठी मोकळं ठेवलं होतं, ते तसंच. स्वरा माझ्याकडं बघत होती, मग दाराकडं. मी हजेरी मुद्दाम सावकाश घ्यायला लागलो, एकेका नावाला थांबून. पोरांना वाटलं गुरुजी आजारी आहेत. तिच्या नावाशी आलो. पेन वर धरलं. घेऊ का नको घेऊ.

"जनाई बिरू."

कोणी नाही. खाली वाकून गैरहजेरी मांडणार, तेवढ्यात दारात धापा टाकत, पायाला चिखल, तोच मोठा शर्ट.

"हजर."

माझ्याकडं बघून नाही म्हणाली. मागच्या खिडकीतून शेड दिसत होतं, धूर निघत होता, तिकडं बघून म्हणाली. जळलो थोडा. मग हजेरी मांडली आणि पुढचं नाव घेतलं.